नवव्या गाण्याला काही शिजत नाही

४ जानेवारी, रविवार
लेकीची, ग्लोरियाची, शाळेची जुनी डायरी सापडली. पुढची चार पानं फिजिक्स, बाकी कोरी. आता माझी. कोणी वाचायची नाही.
नवीन वर्षाचा ठराव: इथे बहारिनला, माहूजच्या गेस्टहाऊसच्या किचनात ती जपानी सीडी लावायची नाही. अकरा वर्षं मी तिथे कंपनीच्या जपानी साहेबांना जेवायला घालते. हाताला अंदाज आहे. सहा वर्षांपूर्वी हारा साहेब प्लेअर आणि ही एक सीडी टाकून गेले, म्हणून लागत होती. गाणी कसली, नुसती बोंबाबोंब. कव्हरवर चार पोरं. एकाला पुढचा दात नाही.
मी लावते ती टाइमासाठी. घड्याळ बघायला चष्मा लागतो आणि चष्म्यावर वाफ येते. एक नंबर, चहाचं पाणी. दोन, अंडं. तीन आणि चार, मासा, एकेका बाजूला एकेक. पाच ते आठ, भात. नववं सावकाश आहे, दात नसलेला एकटाच गातो. त्याला काही शिजत नाही. भात झाकून मी नुसती उभी राहते. पाय दुखतात म्हणून.
दहा ते बारा, भांडी.

५ जानेवारी, सोमवार
गेस्टहाऊसमधले मोरिता साहेब म्हणाले, वीस तारखेला टोकियोहून मोठे साहेब येणार. अस्कर गावातला कंपनीचा कारखाना बघणार, दुपारी आमच्याकडे जेवणार. मग ठरवणार, किचन ठेवायचं की बाहेरून डबे मागवायचे. किचन गेलं तर मी घरी. घरी बसून नवऱ्याचं, निकोलसचं तोंड बघायचं. त्यापेक्षा कारखान्यात भट्टीसमोर उभी राहीन.
मी म्हटलं, साहेब, नो टेन्शन.
टायमर घेतला. टोमॅटोसारखा आहे. आता सगळं पद्धतशीर.

६ जानेवारी, मंगळवार
भात लागला. टायमर वाजला होता म्हणे. लक्ष्मी साफसफाई सोडून सांगत आली, दीदी, दो बार बजा, तुम खडा था, ऐसे मुंडी हिला रहा था.
गाणं बंद असताना मी मुंडी कशाला हलवीन? मान आखडली होती.

८ जानेवारी, गुरुवार
सीडी लावली. टायमर बरोबर आहे का ते तपासायला. टायमर चुकीचा निघाला.
भात उत्तम. पण ठराव कायम आहे.

९ जानेवारी, शुक्रवार
मिस्साला गेलो. फादरचं प्रवचन पाचव्यापासून नवव्याच्या अर्ध्यापर्यंत. निकोलसने कोपर मारलं. म्हणे, बाय, बाकावर ताल कसला धरतेस? म्हटलं, लाकूड पोकळ आहे का बघते.

११ जानेवारी, रविवार
सीडीवर तेलाचा डाग होता. घासणीने घासली. हिरव्या बाजूने. सगळं जग हिरव्याच बाजूने घासतं.
आता सहावं अडकतं. तेच तेच ओरडतो, घरात कोंडल्यासारखा. त्यात भाताची पेज झाली. बहारिनच्या धुळीने सीडी खराब होते, हे लोक सांगत नाहीत.

१२ जानेवारी, सोमवार
मोरिता साहेब पाण्याला किचनात आले आणि प्लेअरसमोर उभेच राहिले. डोळे ओले. म्हणाले, हा बँड जपानमध्ये प्रत्येकाच्या काकाला, मामाला पाठ आहे. कॉलेजात आम्ही गळे फोडून गायचो. रेजिना-सान, यू आर फॅन?
मी म्हटलं, नो नो, ओन्ली राइस.
तरी सांगत बसले. पाचवं म्हणे शाळा सोडून दिलेल्या पोराचं आहे. मी चौथीत सोडली, माझ्यावर कोणी गाणं केलं नाही. नवव्याचा अर्थ सांगायला लागले तेव्हा हात वर केला. म्हटलं, नको साहेब. मला आहे तेवढं पुरे. वरून आणखी मीठ कशाला?
फोनवर गाणी भरून देतो म्हणाले. बँडची सगळ्यात गाजलेली चाळीस.

१४ जानेवारी, बुधवार
चाळीस गाणी आली. क्रम भलताच. अंड्याचं गाणं भाताच्या मधे, आणि माझं नववं पहिलं! सकाळी सकाळी, पाणीसुद्धा ठेवलेलं नाही, आणि तो गातोय. हे काय गाजलेलं? हातात पातेलं घेऊन तशीच उभी राहिले. साहेबांचा नाश्ता पाऊण तास उशिरा. चूक फोनची.
वरची अठ्ठावीस गाणी मी मानत नाही. त्यावर काय शिजवायचं?
ग्लोरियाला म्हटलं, क्रम लावून दे. ती म्हणाली, मम्मी, जस्ट ॲडमिट यू लव्ह देम. म्हटलं, आधी गादीवरचा टॉवेल उचल.

१८ जानेवारी, रविवार
अक्कल चालवली. सीडी नको, फोन नको, टोमॅटो नको. बाराही गाणी माझ्या डोक्यात आहेत. मीच गाणार, हळू आवाजात. आज करून बघितलं. भात मोती. हामूर मासा दोन्ही बाजूंनी सारखा. लक्ष्मी कानात बोळे घालून फिरत होती. जळते.
आता मोठ्या साहेबांना येऊ दे. यल्ला, चला.

१९ जानेवारी, सोमवार
ग्लोरियाला सांगून ठेवलं, किचन पक्कं झालं की पगारवाढ नाही, मानाचा नवीन ॲप्रन मागणार. निकोलस म्हणाला, आधी भात तर होऊ दे. याचं तोंड मी दिवसभर बघू?

२० जानेवारी, मंगळवार, संध्याकाळ
शांतपणे लिहिते.
मासा झाला. भात चढवला. पाचवं गायला लागले. आवाज थोडा वर गेला असेल, डाव हातात होता, डब्यावर ठेका चांगला बसतो. मागे बघते तर मोठे साहेब. साठीचे, टाय, पांढरे केस. हात धुवायला आले होते. मी ओळ अर्धीच सोडली. तर ते पुढची ओळ गायला लागले! कोट काढून खुर्चीवर फेकला. सहावं दोघांनी. सहा वर्षांत त्या गाण्याला दुसरा माणूस पहिल्यांदा मिळाला. मोरिता साहेब दारात, त्यांच्या मागे लक्ष्मी, तिच्या हातात मॉप.
सातव्यात बँड मधेच थांबतो. सीडीत दोन श्वास. पण साहेब म्हणाले, कॉन्सर्टमध्ये लाँग, व्हेरी लाँग, आणि एक हात वर धरून थांबले. आम्ही सगळे थांबलो. ते हात खाली आणीनात. आता टोकियोच्या साहेबांचा हात वर असताना मी गॅसकडे कशी वळणार? वास मला आला होता. सगळ्यांना आला होता.
हात खाली आला. आठवं पण गायलो.
भात कोळसा. साहेबांनी वरवरचा थोडा खाल्ला. जाताना माझे दोन्ही हात धरून काहीतरी म्हणाले, डोळे पुसले. म्हणजे काम फत्ते. भात काय, कोणाचाही लागतो.

२२ जानेवारी, गुरुवार
ऑफिसचा निरोप. डबे येणार. किचन खलास.
मोरिता साहेब मान खाली घालून सांगत होते. मोठे साहेब म्हणाले म्हणे, मागच्या वीस वर्षांतला सगळ्यात चांगला दिवस. पण भात म्हणजे भात. मला काढायचं नाही, असं त्यांनी लिहून दिलंय. चहाला ठेवलंय.
म्हटलं, मला काय. उलट आराम.

२५ जानेवारी, रविवार
डबे आले. प्लास्टिकचे. भात गार, पण लागलेला नाही.
माझं काम चहा. म्हणजे एक नंबर. दोन मिनिटांत संपतं. पुढची अकरा रिकामी. सहावं अडकतं, अडकू दे, भात कुठे आहे.
लक्ष्मीने विचारलं, दीदी, अब गाना किसके लिए? म्हटलं, मशीन बंद ठेवलं की बिघडतं.
नववं आज चार वेळा लावलं. पाय फार दुखत होते.