माझ्या चुलीत रोग नाही

२ मे १९५९, शनिवार
आणि वर मलाच विचारतो, घरात स्वयंपाक कोण करतं! कोण करतं म्हणजे? तळेऱ्याच्या नाक्यावरून बाई आणून ठेवलीय का मी? लग्न होऊन आले त्या दिवसापासून चूल माझी. आजवर माझं ताट कोणी परत केलेलं नाही. आणि हा कालचा डॉक्टर, मिशी नीट फुटलेली नाही, कोल्हापूरहून घाट उतरून तळेऱ्यात दवाखाना घालून बसला आणि म्हणतो, रोग तुमच्या ताटातून आलाय.

रोग म्हणजे यांना गोड लघवी. डायबिटीज म्हणे. यांचं पाणी काचेच्या नळीत घातलं, त्यात निळं पाणी ओतलं, खाली दिवा धरला. निळ्याचं पिवळं झालं. मी म्हटलं, हळद टाकलीत तरी पिवळं होईल. कंपाउंडर हसला. त्याला हसायचाच पगार मिळत असेल.

मग उलटतपासणी. भात किती वेळा? म्हटलं, जेवायच्या वेळा असतात तितक्या वेळा. सकाळी पेज, दुपारी भात, रात्री भात. तांदूळ कसला? गिरणीचा, पांढरा, फस्क्लास. घरी कांडलेला लाल उकडा खायला आम्ही आता तसली माणसं राहिलो नाही. गूळ? गूळ नाही ते घर कसलं. हे चालतात किती? गावचे मानकरी, देवळापर्यंत चालतात. बाकी लोक यांच्याकडे चालत येतात.

डॉक्टर नंदीबैलासारखी मान हलवत होता. म्हणाला, ढिगानं पांढरा भात, वर गूळ, बसून राहणं आणि हे सुटलेलं पोट, यातूनच हा रोग येतो. अजून वेळ गेली नाही. भात मूठभर करा, नाचणीची भाकरी द्या, पालेभाजी द्या, कुळीथ द्या, चालायला लावा. नाचणी! आमच्याकडे नाचणी गडी खातात.

पण ठरवलंय. असं कडक पथ्य करीन, असं कडक, की बघत राहील. आणि तरी नळी पिवळीच राहील. मग त्याला विचारते, रोग कुठून आला ते.

ही डायरी मुंबईच्या पाहुण्यानं यांना दिलेली. हे काय लिहिणार? मी तिसरी पास. सगळं लिहून ठेवणार.

३ मे, रविवार
पथ्य सुरू. यांच्या ताटात नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, माठाची भाजी. हे म्हणाले, अगो, मी काय तुरंगात आसंय? म्हटलं, तुरुंगात भात देतात.

हाताला सवय, भात नेहमीएवढाच शिजला. यांचा वाटा उरला. अन्न टाकणं पाप. मी खाल्ला. एक दिवसानं काय होतंय.

५ मे, मंगळवार
लग्नाचे दिवस. वरच्या वाडीतून मानाचा वाटा आला. गावात लग्न झालं की पहिला वाटा मानकऱ्याच्या घरी: लाडू, खाजा, नारळ, गुळाची ढेप. तो परत पाठवता येत नाही, परत पाठवला की मान गेला. गड्यामाणसांना देता येत नाही, मान खाली उतरत नाही. शेजारी धाकटी जाऊ सुगंधा, पण वाटणी झाल्यापासून मान थोरल्या घराचा. तिला दिला की उद्या हक्क सांगेल.

यांनी लाडवाला हात घातला. हातावर मारलं. मग खाणार कोण? घराण्यासाठी मी खाल्ला. हौस म्हणून नव्हे.

मला काही होत नाही. आमच्या माहेरी सगळी दणकट. आई शेवटपर्यंत गूळ-खोबरं खायची. पाय काळा पडून गेली ते वेगळं. ती बाधा होती, सगळ्या गावाला माहीत आहे.

८ मे, शुक्रवार
पाण्याचा तांब्या सारखा रिकामा. खारा बांगडा खाल्ला की असंच होतं. रात्री उठून उठून परसात जावं लागतं. पाणी पिते तर जाणारच, त्यात काय मोठं.

हे हल्ली पहाटे उठून खारेपाटणच्या रस्त्यानं चालत जातात. पायाला भिंगरी लागल्यासारखे. डॉक्टरनं नादी लावलं.

१० मे, रविवार. अक्षय तृतीया.
नैवेद्याला आमरस, घावणे, नारळाचा गोड रस. यांना आंब्याची एक फोड, बाकी पालेभाजी. तोंड एवढंसं झालं. मला काय दया येत नाही का? पण मी पथ्यावर आहे, म्हणजे हे आहेत. नैवेद्याचं पान उचलायला घरात दुसरं कोण? मीच बसले.

संध्याकाळी दोन मानाचे वाटे आले. मुहूर्त बघून एकाच दिवशी लग्नं लावतात, खाणाऱ्याचा विचार नाही.

ठरवलं. उद्यापासून माझीही साखर बंद.

११ मे, सोमवार
साखर बंद. सकाळपासून चहात गूळ घालते. गूळ म्हणजे साखर नव्हे. साखर कारखान्यात होते, गूळ देवाला चालतो.

सुगंधा म्हणाली, वयनी, गोड ता गोडच. हिचा नवरा नाचणीचं आंबील पिऊन शेतात जातो, हिला गोडाची चव कुठून कळणार.

१४ मे, गुरुवार
काजू भाजताना चीक उडाला, डाव्या पायाच्या बोटावर. मला कळलंसुद्धा नाही! संध्याकाळी फोड दिसला तेव्हा समजलं. दुसरी असती तर गाव गोळा केलं असतं. आपलं अंग काटक. डॉक्टरनं येऊन बघावं काटक कशाला म्हणतात.

१८ मे, सोमवार. एकादशी.
सोमवार आणि एकादशी एकत्र. भाताचा कण नाही तोंडात. वऱ्याचे तांदूळ, साबुदाणा, गुळातली रताळी, केळी आणि पिकल्या फणसाचे गरे, बस. आज माझं पथ्य यांच्यापेक्षा कडक झालं.

सुगंधा आली, टोपलीतल्या फणसाच्या आठळ्या बघितल्या आणि म्हणते, वयनी, उपास आसा ह्या पोटाक कळाक होया. दारातून हाकलली. जाता जाता पायाकडे बघून म्हणाली, काजीचो चीक इतके दिस ऱ्हवणा नाय, पाय दाखवा कोणाक तरी. तिला माझा पाय कशाला? स्वतःचे बघ.

फोड फुटलाय. दुखत नाही. दुखत नाही म्हणजे बरा होतोय.

२१ मे, गुरुवार
दुपारी जेवून पडले ती दिवेलागणीला उठले. अंगाला कंड सुटते. मे महिना आहे. सुई ओवता येत नाही, चुलीच्या धुरानं डोळे गेले. जरा कुठे काही झालं की लोक रोग रोग करतात, कारणं बघत नाहीत.

यांचं धोतर सैल झालंय. शनिवारी तळेऱ्याला जायचं. नळी पिवळी होणार. डॉक्टरला काय बोलायचं ते पाठ केलं आहे.

२३ मे, शनिवार, संध्याकाळ
नळी निळी राहिली. कडेला जरा हिरवट, पण निळी.

डॉक्टर खूश. यांची पाठ थोपटली. यांची! नाचणी भाजून भाजून हात माझे काळे झाले. म्हणाला, बघा काकी, ताट बदललं आणि फरक पडला. म्हणजे पुन्हा तेच, आधीचं ताट वाईट होतं. माझं डोकं फिरलं. म्हटलं, हे निळं पाणीच लबाड आहे. त्याला वाटेल तो रंग येतो. मला आयुष्यात दुखणं नाही, भात खाते, गूळ खाते, सगळं खाते. माझं घालून दाखव. नाक्यावरच्या हॉटेलाच्या मागे गेले, पिशवीत रिकामी बाटली होती, ती भरून आणून त्याच्या टेबलावर आपटली.

दिवा लावला. निळं गेलं. हिरवं झालं, पिवळं झालं, थांबेना. शेवटी खाली जांभ्या चिऱ्यासारखा लाल गाळ बसला.

कंपाउंडर हसला नाही. त्याचा मला जास्त राग आला.

डॉक्टरनं तहान, रात्रीचं परसात उठणं, कंड, सगळं एकेक विचारलं. म्हटलं, नाही, नाही, नाही. हे बाजूला बसून प्रत्येकाला हो हो म्हणत होते. पाय पदराखाली ओढून घेतला.

रात्री ८ वाजता
सापडलं! ती बाटली काकवीची होती. विसळली होती, पण काकवी ती काकवी, चिकटून राहते. लाल होणार नाही तर काय. उगाच डोक्यात घेतलं, जेवणही गोड लागलं नाही.

२६ मे, मंगळवार
बाटली राख लावून घासली. उकळली. उन्हात वाळवली. भरून यांच्याबरोबर पाठवली. कंपाउंडरच्या तोंडावर आता.

दुपारी ३
पुन्हा चिऱ्यासारखं.

यांनी डॉक्टरला पायाचंही सांगितलं. घरभेदी माणूस. डॉक्टरचा निरोप: लगेच घेऊन या. हे उंबऱ्यावर बसले, चपलासुद्धा काढल्या नाहीत. म्हणाले, डॉक्टर म्हणता, पाय आधी दाखव. बोट काळा पडला तर काढूचा लागात.

मी म्हटलं, माझ्या चुलीत रोग नाही. हे म्हणाले, चुलीक कोण काय म्हणता? तुझ्याच हातचा खावन मी बरो झालंय मां? आता तूय खा ताच.

मी ओरडले. शेजारची कोंबडी पळाली. हे उठले नाहीत. इतकी वर्षं मी ओरडले की हे उठून देवळात जातात, आज बसूनच राहिले. माझ्या पायाकडे बघत. माझ्या आईचा पाय यांनी बघितला होता.

बोट काळं नाही. जांभळट आहे. जांभळट आणि काळं यात फरक आहे.

संध्याकाळी मानाचा वाटा आला. खाज्याचा एक तुकडा मोडला. एकच. मग दुसरा, कारण पहिला तुटका होता.

२८ मे, गुरुवार
माणसांचं ऐकून झालं, आता देवाला विचारते. सकाळी देवळात गेले. बाबली गुरवाला म्हटलं, कौल लाव. ओल्या दोन पाकळ्या पाषाणाला चिकटव, उजवीकडे एक, डावीकडे एक. उजवी पडली तर मला काही नाही. डावी पडली तर डॉक्टरकडे जायचं.

बाबलीनं गाऱ्हाणं घातलं. बा देवा म्हाराजा, मानकऱ्याची बायल तुझ्या पायाकडे इलीसा, तिका काय ता खरा सांग म्हाराजा. मी एकटीच होय म्हाराजा म्हणत होते.

पाकळ्या हलेनात. बसले. बरोबर वाटीत पंचखाद्य नेलं होतं नैवेद्याला, त्यातलं जरा तोंडात टाकलं, देवाला उशीर लागतो म्हणून. उकडत होतं, पदरानं वारा घेतला. वारा उजव्या पाकळीकडे जात होता हे खरं, पण मी तिथेच बसले होते त्याला काय करू? बाबलीनं पदर धरला. म्हणाला, काकी, देवाक फसयतास?

दुपार झाली. माशा सारख्या पायावर बसत होत्या. उठवल्या की परत तिथेच. मला कळत नव्हतं, बाबलीच उडवत होता. शेवटी म्हणाला, देव बोलणा नाय. ताटातला देवाक कित्याक इचारतास? घराक जावा, पाय दाखवा.

गुरव पण डॉक्टरला सामील.

पण मी तशी उठले नाही. उभी राहून देवाला तोंडावर सांगितलं. इतकी वर्षं तुझा मान आमच्या घरानं सांभाळला. गोड वाटा एकही परत पाठवला नाही, पोट फुटलं तरी खाल्ला. आता गप्प बसायचं नाही. सोमवारपर्यंत मुदत देते. १ जूनला सकाळी पेज उतरायच्या आत उजवी पाकळी पडली पाहिजे. नाही पडली तर पहिल्या यष्टीनं तळेऱ्याला जाते आणि हा पाय त्या कोल्हापूरवाल्याच्या टेबलावर ठेवते. मग गावात तुझं काय राहील ते तू बघ.

सोमवार. मला उत्तर हवं.