काशीला सोडलेला चहा

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

नवी बॅच. पहिला माणूस जिना चढून आला आणि म्हणाला, "हाफ नूडल्स भेटतीन काय?" बोर्डावर 'चायनीज' हत्तीएवढं आणि 'भाषा वर्ग' खाली मुंगीएवढं. पेंटरला तीनदा सांगून झालंय. आता एखाद दिवशी खरंच कढई मांडते – बियाण्याच्या दुकानावरची खोली आहे, गिऱ्हाईक भरपूर.

खरे विद्यार्थी तीन. अमोल फवारणीचे पंप विकतो, माल चीनहून मागवतो, त्याला भाव पाडता यायला हवा. चंदाताई चौकात झेंडूचे हार विकतात. प्लॅस्टिकच्या चिनी माळांनी त्यांचा धंदा निम्मा खाल्ला. "मले त्याइच्या भाषेत त्याइलेच शिव्या द्याच्या हायत मॅडम. त्या पह्यले शिकवा." आणि भातकुलीचे खुशालराव. वय सदुसष्ट, पांढरं धोतर, गालात खर्रा – सुपारी-तंबाखूचा तोबरा.

"काका, तुम्हाला कशासाठी शिकायचंय?"

"एक वाक्य पायजे."

"कोणतं?"

"ते मंग सांगतो. आंधी बाकीचं शिकवून टाका."

६ नोव्हेंबर, गुरुवार

चिनीत एकच 'मा' चार सुरांत म्हणतात, चारही वेळा अर्थ वेगळा. खुशालरावांच्या गालात खर्रा असला की चारही सूर एकच! थुंकून या म्हटलं. गेले, आले, पाच मिनिटांत पुन्हा गाल फुगलेला.

"खर्रा थुकला तं मले बोलता येत नाही, अन् ठेवला तं तुमाले समजत नाही. सांगा, काय करू?"

७ नोव्हेंबर

सकाळी अनोळखी नंबर. "डॉक्टरीणबाई हायत काय? मी भातकुलीहून खुशालरावची मंडळी, कौशल्या. त्याइची शुगर कशी काय हाय?"

म्हणजे बायकोला सांगून आलेत – अमरावतीच्या डॉक्टरीणबाईकडे शुगर दाखवायला जातो! आता हे पूर्ण खोटं तरी कसं म्हणू? कागदावर आहेच मी डॉक्टर. चीनमधलं एमबीबीएस, त्यातली शेवटची दोन वर्षं आईच्या पलंगावर बसून ऑनलाइन. इथली परवान्याची परीक्षा तीनदा नापास. बाबा अजून पाहुण्यांना "ही आमची डॉक्टर दामिनी" सांगतात आणि पाहुणे लगेच जीभ बाहेर काढून दाखवतात.

म्हटलं, "कमी होऊन राहिली, काकू. पण खर्रा बंद करायला सांगा."

"तीस वर्सं झाले सांगून राहिली, बाई. त्या मानसानं काशीले जाऊनही खर्रा नाही सोडला. चहा सोडला!"

१५ नोव्हेंबर, शनिवार

अकोल्याची बॅच. पाच डाळमिलवाले, पाचही जणांना फक्त आकडे शिकायचेत. नमस्कार-चमत्कार शिकवायला लागले की मोबाईल बघतात. परतताना मूर्तिजापूरपर्यंत बसमध्ये उभी.

२० नोव्हेंबर, गुरुवार

आज व्याकरण बाजूला ठेवून रीतभात घेतली. तिकडच्या लग्नातला चहा. मी स्वतः तिकडे एकही लग्न पाहिलेलं नाही – होस्टेलच्या मैत्रिणीच्या बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ तेवढा. पण फळ्यासमोर उभी राहिले की दहा लग्नं जेवून आल्यासारखा आवाज येतो माझा.

स्टीलचा पेला घेतला, वर वाटीचं झाकण. चंदाताईंना सासू म्हणून खुर्चीवर बसवलं. मी गुडघे टेकून दोन्ही हातांनी पेला पुढे केला. सांगितलं, नव्या सुनेनं असा चहा द्यायचा. सासू-सासऱ्यांनी घोट घेतला की ती त्यांची झाली. मग तिनं त्यांना बा आणि मा म्हणायचं.

अमोलनं विचारलं, "अन् नाई घेतला तं?"

"मग नाकारली. तू आमची नाहीस, असं तोंडावर सांगितल्यासारखं."

खुशालराव उठून खिडकीशी गेले. मला वाटलं, थुंकायला. पण थुंकले नाहीत, पाठमोरेच उभे. चंदाताईंनी मला हातानं खूण केली – गप राहा.

मग खुशालरावांनी सगळं सांगितलं. गोपाल त्यांचा एकुलता एक. चीनमध्ये नोकरी, तिथलीच मुलगी केली, शुयान नावाची. दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत तिला पहिल्यांदा भातकुलीला आणली. दुसऱ्या दिवशी सकाळी गोपाल वावरात मोटर सुरू करायला गेलेला. शुयान झाकण असलेला लाल कप घेऊन आली आणि यांच्यासमोर गुडघ्यावर बसली.

"म्या हात हालवला. म्हनलं, नको पोरी, मले चालत नाही."

चालत नाही, कारण काशी. २०२० च्या फेब्रुवारीत गोपाल तिकडे अडकला होता, टीव्हीवर रोज नाही नाही ते. हे काशीला गेले. तिथं गेलं की आवडीची एक वस्तू कायमची सोडायची असते. गोपाल सुखरूप राहू दे म्हणून यांनी चहा सोडला. दिवसाला आठ कप पिणारा माणूस.

"मग तिला सांगितलं का नाही?"

"कोन्या भाषेत सांगू?"

ती कप घेऊन आत गेली. जेवायला बाहेर आली नाही. गोपाल दोन दिवस आधीच तिला घेऊन निघून गेला. तेव्हापासून त्याचा फोन फक्त आईला. बापानं विचारलं नाही, मुलानं सांगितलं नाही. दोघांची मान सारखीच ताठ.

"मले वाक्य पायजे होतं ते हेच. 'पोरी, माह्यं काय चुकलं?' आता नाही लागत ते."

मी फळा पुसायला घेतला. फळ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. रडू आलं होतं मला, दुसरं काही नाही.

२४ नोव्हेंबर, सोमवार

वर्ग म्हणजे आज न्यायालय झालं. प्रश्न एकच – सुनेला बोलवायचं, चहा घ्यायचा, पण काशीचं काय?

अमोल वकिलीवर उतरला. "दूध नाही, साखर नाही, अद्रक नाही. त्याले चहा कोन म्हनते? काढा हाय तो. घ्या बिनधास्त."

मी लगेच री ओढली. तिकडचा चहा नुसता पिवळा, आपल्याकडे आजाऱ्यालाही कुणी देणार नाही.

खुशालराव म्हणाले, "काशीले म्या दुधाचा चहा सोडतो असं नोतं म्हनलं. चहा म्हनलं होतं."

मग मी माझी शक्कल काढली. झाकणाचा कप आहे ना? शुयानला आधीच कळवू, आत नुसतं गरम पाणी घाल. बाहेरून कुणाला काय दिसतंय! मला वाटलं, शाबासकी मिळेल.

"म्हंजे पोरीले घरात पाय ठेवल्या ठेवल्या लबाडी करायले लावू? अन् तुमी मास्तरीण हाय?"

चंदाताईंना भारी आनंद झाला.

२७ नोव्हेंबर

कौशल्याकाकूंना खुशालरावांची चिनी अक्षरांची वही सापडली. फोनवर पहिलंच वाक्य – "डॉक्टरीणबाई, शुगरच्या वहीत मुंग्या काहून काढल्या हायत?"

सगळं कबूल केलं. चहाची रीतही सांगितली. काकू म्हणाल्या, "मी तवा चुलीपाशी होती. मले वाटलं पोरगी थकली असन, म्हून जेवली नाही." आणि फोन ठेवला.

४ डिसेंबर, गुरुवार

खुशालराव नवं धोतर नेसून आले. उभ्यानंच जाहीर केलं – गावच्या महादेवाच्या देवळात जाऊन आलो. देवाले सांगतलं, चहा वापस घेतो, बदल्यात खर्रा ठेव. ज्या दिवशी सुनेच्या हातचा घोट पोटात जाईल, त्या दिवसापासून खर्रा बंद.

"असं बदलून मिळतं का, काका?"

उत्तर चंदाताईंनी दिलं. "मी सकाळचा हार संध्याकाळी बदलून देते, तं देव नाई देनार? अन् खर्रा भारी पडते चहापेक्षा. देव फायद्यात हाय."

खुशालराव हसले नाहीत. "गोपालसाठी सोडला होता न. हलकं काही देऊन कसं चालन?"

टिंगल करणार होते; त्याऐवजी त्यांना खुर्ची दिली.

८ डिसेंबर

नवं वाक्य तयार केलं – 'पोरी, घरी ये. मला तुझ्या हातचा चहा दे.' खुशालरावांनी ते चिनीत बोलायचं, मी रेकॉर्ड करायचं, काकूंच्या फोनवरून शुयानला पाठवायचं. अकरा वेळा केलं. चौथ्या वेळी खोकला. सातव्या वेळी खाली युरियाचा ट्रक. नवव्या वेळी वाक्य बिनचूक, पण शेवटी सवयीनं "रामराम" म्हणाले. अकराव्या वेळी गालात काही नव्हतं. सूर जरा वाकडेतिकडे, पण कळण्यासारखे. तेच पाठवलं.

९ डिसेंबर

उत्तर नाही.

१० डिसेंबर

नाही. आज खुशालरावांनी वर्गाची वेळ नसताना तीन फोन केले. "सूर चुकला असन काय? भलतंच काही तं नाही न म्हनलो मी?" मी ते रेकॉर्डिंग वीसेक वेळा ऐकलं. त्यांचा सूर चुकला असेल तर तो मी शिकवलेला सूर आहे.

११ डिसेंबर, गुरुवार

काकूंचा फोन. "येऊन राहिले! संक्रांतीले." गोपालनं दोन वर्षांत पहिल्यांदा विचारलं म्हणे, बाबा कुठे आहेत.

२९ डिसेंबर

खुशालराव खर्र्याच्या पुड्या दुप्पट वेगानं संपवतायत. "दिवस कमी राहिले मॅडम." चार 'मा' पुन्हा एक झाले.

१४ जानेवारी २०२६, बुधवार

भातकुलीला जाऊन आले. अमोलच्या गाडीत, चंदाताई मागे हारांच्या टोपलीसकट. सगळे हार झेंडूचे, दारापासून चुलीपर्यंत. शुयाननं वास घेऊन पाहिला, पाकळी चुरडून पाहिली आणि मला तिच्या भाषेत म्हणाली, खरी आहेत! मी ते चंदाताईंना सांगितलं. शिव्यांचा सगळा अभ्यास वाया गेला. त्यांनी एक हार तिच्या गळ्यात घातला.

जेवायच्या आधी शुयान आत गेली. आत कुणालाही येऊ देईना, एकट्या काकू तेवढ्या बरोबर. बाहेर खुशालराव पलंगावर ताठ बसलेले, धोतराचा सोगा मुठीत धरून. गोपाल दाराच्या चौकटीला टेकून उभा. बापाकडे बघत नव्हता.

ती आली. तोच लाल कप, वर झाकण. गुडघ्यावर बसली, दोन्ही हात पुढे. झाकण कपावर वाजत होतं.

खुशालरावांची सगळी चिनी पळून गेली. दोन महिने घोटलेलं एक अक्षर तोंडातून निघेना. माझ्याकडे बघितलं – मी ओठ हलवून दाखवले, तेही कळेना. शेवटी त्यांनी दोन्ही हातांनी कप घेतला, डोळे मिटले आणि एका दमात रिकामा केला. मग वाकून तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"बा," ती म्हणाली. चिनीतही बा, भातकुलीतही बा. एवढा एक शब्द मला कुणाला शिकवावा लागला नाही.

गोपाल बाहेर अंगणात निघून गेला. खुशालराव त्याच्या मागे गेले. काय बोलले माहीत नाही. परत आले तेव्हा गोपालच्या हातात बापाची खर्र्याची पुडी होती, ती त्यानं चुलीत टाकली.

मी विचारलं, "काका, कसा होता सहा वर्षांनी चहा?"

"गोड हाय. पन चहाची सर नाही बाप्पा. बोरं उकळल्यावानी लागते." सगळे हसले. मी सर्वांत मोठ्यानं – वर म्हणालेही, तिकडचा असाच असतो!

मग रोडगे, वांग्याची भाजी, शुयानच्या ताटात तिसरा रोडगा. पाठीचा कणा मोडला येताना, पण आज मी कुठल्याही परीक्षेत नापास नाही.

१८ जानेवारी, रविवार

शुयानचा मेसेज. मी सहज विचारलं होतं, कुठली चहापत्ती होती.

'पत्ती नव्हती. वाळलेली लाल बोरं आणि खडीसाखर. आमच्या गावाकडे लग्नात तेच देतात. गोपालनं सांगितलं होतं, बाबांनी चहा सोडलाय. दोन वर्षांपूर्वीही कपात तेच होतं.'

म्हणजे ती तेव्हाच काकांचा नेम सांभाळून आली होती, म्हणून तो हलवलेला हात तिला नकारच वाटला. यांनी झाकण उचललं नाही, आणि मी शिकवणारीनं विचारलं नाही.

लगेच काकूंना फोन लावला. काकांना आत्ताच्या आत्ता सांगायला हवं म्हटलं.

"मले माहीत हाय बाई. माह्यासमोरच बोरं उकळली तिनं. त्याइले काही सांगू नका. आज चौथा दिवस हाय, पुडी नाही आनली."

"पण कधीतरी सांगावं लागेलच ना?"

"चहा नोताच समजलं तं लगेच पुडी आनतीन. खर्रा पुरा सुटू द्या. मंग आमी सासू-सुना मिळून सांगू."