शक्यतो पुसू नये

१४ मार्च, शनिवार

प्रिय ताई,

काल संध्याकाळी रक्तपेढीच्या डॉक्टरबाईंनी स्वतः फोन करून सांगितलं, की त्यांच्या नोंदींच्या प्रोग्रामचं काम आपल्या कंपनीकडेच राहणार. दुसऱ्या कंपनीला त्यांनी नकार कळवलासुद्धा. साहेबांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "ताईला कळव." म्हणून हे पत्र. फोनवर तू "बरं" म्हणून ठेवून देतेस, पत्र तरी शेवटपर्यंत वाचशील.

तू बरी असशील. आईचा गुडघा सुधारतोय. ती आता जिना चढते, आणि चढल्याचं सगळ्यांना सांगत बसते.

तू नोकरी सोडल्यावर कोड लिहायला एआय मदतनीस आला, हे तुला ठाऊकच आहे. ऑफिसात त्याला जावई म्हणतात. मान डोलावून सगळं ऐकतो आणि मग स्वतःला हवं तेच करतो. तू लिहून ठेवलेले प्रोजेक्टचे नियम आम्ही त्याला दिले. प्रत्येक कामाआधी तो ते वाचतो. तरी अधूनमधून जुन्या रक्तपिशव्यांच्या नोंदी पुसणारा कोड लिहून द्यायचाच. माझ्या नजरेस पडायचं म्हणून निभावलं. एकदा नाही पडलं, आणि चाचणीच्या वेळी डॉक्टरबाईंच्या डोळ्यांदेखत पडद्यावरच्या अर्ध्या नोंदी गायब झाल्या. ती नक्कल होती, खऱ्या नोंदी सुरक्षित होत्या. पण बाई म्हणाल्या, "उद्या एखाद्या रक्तात दोष निघाला, तर ते कुणाला दिलं हे मी कुठे शोधू? महिन्यात हे थांबलं नाही तर मी दुसरीकडे बघते."

तुझं इतक्या वर्षांचं काम, ताई. ते महिन्यात हातचं जाणार होतं.

मी नोंदी न पुसण्याचा नियम ठळक केला. तीन ठिकाणी लिहिला. खाली आणखी ढीगभर सूचना जोडल्या. जावई सकाळी शहाण्यासारखा वागायचा, दुपारी काम लांबलं की पुन्हा तेच. शेवटी वैतागून त्यालाच विचारलं, नियम वाचूनही का पुसलंस? उत्तर आलं, "नियमात 'शक्यतो नोंद पुसू नये' असं आहे. इथे जुन्या नोंदींमुळे प्रोग्राम मंद होत होता, म्हणून अपवाद केला."

मागे उभा असलेला टेस्टर इतका हसला, की त्याला खुर्ची धरावी लागली.

तुझं 'शक्यतो'. जवळजवळ प्रत्येक नियमात होतं. तू शेजारी बसायचीस तेव्हा त्याचा अर्थ 'मेलात तरी नाही' असा होतो, हे आम्हाला कळायचं. तू शक्यतो म्हणालीस की आम्ही कीबोर्डवरून हात उचलायचो. जावयाला तुझा चेहरा कुठे दिसतो?

मग नियम मोजकेच ठेवले, शक्यतो काढून टाकलं आणि प्रत्येकाशेजारी कारण लिहिलं. रक्त कुणाला गेलं हे पुढे कधीही शोधावं लागतं, म्हणून नोंद पुसायची नाही, 'बंद' अशी खूण करायची. नुसत्या सांगण्यावरही राहिलो नाही. प्रोग्रामच्या दारातच तपासणी बसवली. पुसणारी ओळ दिसली की कोड आत येत नाही, नियम दाखवून परत पाठवला जातो.

काल सकाळी बाई स्वतः येऊन बसल्या आणि मुद्दाम लिहिलं, "जुना पसारा साफ कर." जावई म्हणाला, "नोंदी पुसता येणार नाहीत. बंद करून ठेवतो." बाईंनी नाना तऱ्हांनी फसवून पाहिलं. एकदा तो फसला, पण दारात अडला आणि आपणहून दुरुस्ती करून आला. बाई म्हणाल्या, "माझ्या माणसांकडून मला एवढंच हवं असतं."

आता जे लिहायचं टाळत होते ते. फोननंतर साहेब म्हणाले, "तुझी ताई का गेली, मला अजून कळलेलं नाही. मदतनीस आणू का विचारलं, तेव्हा तिने कुठे विरोध केला? म्हणाली, शक्यतो घाई नको. मला वाटलं, हरकत नाही."

आणि तू साहेबांच्या खोलीतून 'माझं कुणी ऐकत नाही' म्हणत निघालीस. ताई, तू नाही म्हणालीच नव्हतीस. आधी नियम पक्के करा, मग यंत्र आणा, हे तुझ्या मनात होतं, आणि अगदी बरोबर होतं. काल जिंकलं ते तेच. मी साहेबांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मग आता मीच तिला विचारतो."

आणखी दोन रक्तपेढ्यांना आपला प्रोग्राम हवा आहे. नियम सांभाळणारं माणूस लागणार. सोमवारी सकाळी साहेब तुला फोन करतील. आधी तब्येत विचारतील, मग आईचं, मग मुद्द्यावर येतील. यायचं असेल तर अटी सांग, नसेल तर नाही म्हण. मला दोन्ही चालेल असं लिहिणार होते, पण ते खोटं आहे. स्पीकर चालू असेल, आणि मी तिथेच असेन.

तुझ्या डावीकडच्या टेबलावरून अजून न हललेली,
धाकटी