घरच्या माणसाला कसलं थँक्यू

१ जानेवारी २००४
साहेब पुण्याहून ट्रेनिंग करून आलेत. आता कंपनीत वर्षभर कृतज्ञता. दर महिनाअखेरीला कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर कुणातरी एकाचे आभार मानायचे, गुलाब द्यायचा. निवड माझ्याकडे. माझा स्वभाव मुळातच कृतज्ञ, साहेबांनी बरोबर ओळखलं. संकल्प: एकही माणूस सुटता कामा नये.

३१ जानेवारी
पहिला गुलाब साहेबांना. सुरुवात देवापासून करावी.

२८ फेब्रुवारी
साहेबांच्या ड्रायव्हरला. तोही रुसायला नको.
बिरदेव म्हणाला, लेका, मला कवा देणार फूल? बिरदेव माझ्याच गावचा, न्हावऱ्याचा. शाळेत एका बाकावर, आता रांजणगावात एका लाइनवर. तो ऑपरेटर, मी सुपरवायझर, पण आमच्यात तसलं काही नाही. कंपनीच्या बसमध्ये रोज रुमाल टाकून माझी खिडकी धरतो. भाकरी दोघांची आणतो. मी नुसता हसलो. घरच्या माणसाचे आभार मानले की तो परका होतो. हे त्यालाही कळतं, थट्टाच करत होता.

३० एप्रिल
गेटवरच्या वॉचमनला. टाळ्या बऱ्या पडल्या. बिरदेव आज इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या बाकावर बसला होता. विचारलं, कुणाचं लग्न आहे का? म्हणाला, व्हय, व्हतं. झालं. कुणाचं ते सांगितलं नाही. आमंत्रण नव्हतं म्हणून मी पण खोदून विचारलं नाही.

१४ जुलै
माझ्या वडिलांना, आबांना, शिरूरच्या दवाखान्यात ठेवलंय. छातीत पाणी. बिरदेव दिवसपाळी करून रात्री त्यांच्याजवळ बसतो. मला जमत नाही. १५ ऑगस्टला कृतज्ञतेवर माझं भाषण आहे, पाठांतर चाललंय. बायको, सिंधू, म्हणाली, निदान बिरदेवभाऊंना घरी बोलवून चहा तरी पाजा. बायकांना दोस्ती कळत नाही.

३१ जुलै
आबा घरी आले. या महिन्याचा गुलाब डॉक्टरांना नेऊन दिला. आबांनी विचारलं, बिरूला दिलास का? औषधांनी त्यांचं डोकं अजून जड आहे.

१५ ऑगस्ट
झेंडावंदनानंतर भाषण. हिट! 'ज्यांच्या आधारावर आपण उभे आहोत त्यांना विसरू नका' या वाक्याला साहेबांनी मान हलवली. तेवढ्यात बिरदेव उठून गेला. मशीन बघायला गेला असणार, कामाचा माणूस. आज मशीन बंद होती, हे नंतर लक्षात आलं.

९ ऑक्टोबर
खिडकीवर रुमाल नव्हता. बिरदेव मागच्या सीटवर डोळे मिटून बसलेला. सर्दी असेल, रुमाल लागला असेल. दुपारी त्याची भाकरी त्याने खाल्ली, मी कॅन्टीनचं जेवलो. डाळ पातळ होती.

२६ नोव्हेंबर
बिरदेव नोकरी सोडतोय. दौंडकडे चाललाय, कुरकुंभच्या एका कंपनीत. मला हे कॅन्टीनच्या हौसरावकडून कळलं. पगार इथल्याएवढाच आहे म्हणे. मग जातो कशाला? कुणीतरी कान भरलेत. ठरवलं: डिसेंबरचा गुलाब त्यालाच. शाल, नारळ, मोठं भाषण. घरच्या माणसाचा नियम एकदा मोडायचा. रडेल बघा तो.

३१ डिसेंबर
शाल पिशवीतच राहिली. साहेब म्हणाले, आधी जाणाऱ्याला बोलू द्या. बिरदेव उठला. तोच इस्त्रीचा शर्ट. हातात गुलाब, त्याने स्वतः शिरूरहून आणलेला. माझ्यासमोर आला आणि म्हणाला, संपतराव, तुमी मला लई सांभाळून घेतलं, मी तुमचा आभारी हाय. गुलाब माझ्या हातात दिला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.
आजवर आम्ही एकमेकांना कधी थँक्यू म्हणालो नव्हतो. एकाच ताटात जेवलोय. मला वाटलं चेष्टा करतोय, म्हणून त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. चेष्टा नव्हती. मी भाषणाचा कागद परत खिशात घातला.
येताना बसमध्ये माझी खिडकी रिकामीच होती. तिथे बसवेना, उभाच आलो.
दारात सिंधूने विचारलं, फूल कुणी दिलं? रडूच फुटलं. शेवटी म्हणालो, कंपनीतल्या एकाने.