चौकोनी तोंडाची सुरी

३ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र शनिवारच्या रसदीच्या गाडीबरोबर पोचलं. विमा कचेरीतली खुर्ची सोडून डोंगरात पायवाटा दुरुस्त करायला गेलेला भाऊ वेडा आहे, हे तू एकदाच लिहिलं असतंस तरी मला कळलं असतं. तीनदा लिहिलंस. असो. तब्येत उत्तम आहे. तीन महिन्यांत कमरेचा पट्टा दोन भोकं आत गेला आणि झोप अशी लागते की मुकादमांना मला हाका मारून उठवावं लागतं.

आमची टोळी चौघांची, मुकादम धरून. चौकीत दोन खोल्या, एक चूल, भिंतीला टांगलेल्या करवती. फोनला इथे रेंज नाही, म्हणून ही पत्रं. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वाट लोकांसाठी उघडते आणि त्याआधी ओढ्यावरच्या लाकडी पुलाला नवे कठडे लावायचे आहेत. गेल्या वर्षी जुना कठडा निसटला आणि त्याला टेकून उभ्या असलेल्या एक शिक्षिका खाली खडकावर पडल्या. पाय मोडला त्यांचा. मुकादमांनी ते मनाला फार लावून घेतलं आहे.

तर गंमत अशी, की हे काम ते मला देऊ म्हणतात. महिनाभर मी त्यांची सुरी मागून घेऊन तंबूच्या खुंट्या तासत होतो. त्यातली एक त्यांनी हातात फिरवून पाहिली आणि म्हणाले, कठड्याच्या खाचा तू कर, फक्त स्वतःची सुरी आण, माझी मला लागते. त्यांची सुरी वेगळीच आहे. बाजूला धार आहे, पण पुढे टोक नाही, सुताराच्या पटाशीसारखं चौकोनी तोंड. खाचही तिनेच कोरतात आणि चुलीसाठी ढलप्याही तिनेच काढतात. पाठीवर सगळं वाहून न्यायचं असल्यामुळे दोन हत्यारांऐवजी एक, हा हिशेब मला पटला.

घ्यायची कशी ते सांग. पगार तुला ठाऊक आहे, तेव्हा खिशाला झेपेल अशीच सांग. आणि एक विनवणी, बाबांच्या पटाश्यांतली एकही पाठवू नकोस. माझ्या हाताचं तुला माहीत आहे. चांगलं हत्यार माझ्याकडून वाया जायला नको. स्वस्तातली बिघडली तर निदान रुखरुख लागणार नाही.

कारखान्यातल्या लाकडाच्या धुळीत तोंडाला फडकं बांधत जा. राग आणि लोभ दोन्ही असू दे.

तुझा,
टिल्लू


९ ऑक्टोबर

चि. टिल्लूस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी रंध्याच्या यंत्राशेजारी उभी राहूनच वाचलं. सहा फुटी माणसाने 'टिल्लू' म्हणून सही केली की हसू येतं, पण दुसरं नाव तुला शोभतही नाही.

आता नीट वाच. मी हे वीस-बावीस वर्षं करते आहे, तेव्हा मधे शंका काढू नकोस. पातं कार्बन स्टीलचं घे. चकचकीत, न गंजणारं जे असतं ते स्वयंपाकघरात बरं. डोंगरात तुझ्याकडे धारेचा एक दगड आणि चामड्याचा एक तुकडा असणार, आणि तेवढ्यावर पटकन धार चढते ती साध्या कार्बन पोलादावर. त्याला गंज लवकर धरतो हे खरं. काम झालं की पुसायचं, तेलाचा हात फिरवायचा. दात घासतोस ना रोज? तेवढीच कटकट.

दुकानात गेलास की पहिल्यांदा पात्याची जाडी बघ. तीन मिलिमीटरच्या आसपास हवी. पातळ असेल तर खाचेत पिळताना वाकेल, फार जाड असेल तर ढलपी निघणार नाही, लाकूड नुसतं फाटेल. पातं मुठीत किती खोल गेलंय ते विचार. नुसतं दोन बोटं आत असेल तर सोडून दे. पुढच्या तोंडाला एकाच बाजूने उतार हवा आणि दुसरी बाजू अगदी सपाट. ती सपाट आहे का हे बघायला पट्टी टेकव आणि उजेडाकडे धर. खालून उजेड दिसला तर ठेवून दे. शेवटी दुकानदाराला विचारून पात्याच्या कडेला, मुठीजवळ, कानस फिरव. कानस घसरली तर पोलादाला पाणी नीट दिलंय, ते कडक आहे. कानस चावली तर ते पातं लोणी कापायला ठेव.

पाठीवर करवतीचे दात असलेली, मुठीत होकायंत्र असलेली, काळ्या रंगाची एक तरी सुरी दुकानदार तुझ्यापुढे टाकेलच. तिच्याकडे बघूसुद्धा नकोस. मूठ साधी प्लास्टिकची असली तरी चालेल, ओल्या हातातून निसटू नये इतकंच बघ. आणि ठोकायची वेळ आली तर लाकडाच्या दांडक्याने ठोक, लोखंडी हातोडीने नाही. डावा हात पात्यापुढे कधीही नको. तिला बाजूलाही धार आहे हे विसरशील आणि मग मला चौकीवर यावं लागेल.

हातांबद्दल लिहिलंस ते वाचलं. त्याबद्दल आत्ता काही लिहीत नाही.

मोठ्या खिडक्यांचं काम चालू आहे, मला श्वास घ्यायला उसंत नाही, म्हणून इथेच थांबते. माया कमी नाही, वेळ कमी आहे.

ताई


२४ ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुरी घेतली. दुकान पायथ्याच्या गावात बसथांब्याला लागून आहे. दुकानदारीण बाई मोठ्या खमक्या. तू लिहिलं होतंस तसं पहिल्यांदा होकायंत्रवाली काळी सुरीच माझ्यापुढे आली. मी पट्टी मागितली तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. कानस मागितली तेव्हा स्टूल पुढे सरकवलं आणि मागच्या खोलीतून आणखी दोन सुऱ्या आणल्या. एक चकचकीत होती, तिच्या सपाट बाजूखालून उजेड आला. दुसरी राखाडी, हिरव्या मुठीची, दिसायला अगदीच सामान्य. पातं तीन मिलिमीटरचं, मुठीत तीन चतुर्थांश गेलेलं. कानस तिच्यावरून घसरली. तिन्हींत सगळ्यात स्वस्तही तीच निघाली. बाई म्हणाल्या, दिसायला बरी नाही म्हणून दोन वर्षं पडून होती.

इथवर सगळं छान. पुढचं सांगायला जिवावर येतं.

पहिल्या चार दिवसांत मी सरावाच्या खाचा केल्या. पाचव्या दिवशी पावसात भिजलो, म्यानात ओलीच सुरी खुपसली आणि झोपलो. सकाळी पात्यावर तांबूस ठिपके. ते घासत बसलो तर मुकादम म्हणाले, राहू दे, आधी जुना कठडा काढ. जुना खांब उकलताना आत खिळा होता. मला दिसला नाही. सुरीच्या तोंडाच्या कोपऱ्याचा टवका उडाला. गव्हाच्या दाण्याएवढा.

ताई, मी तिथेच बसलो. मला एकदम बाबा दिसले. माझी खेळण्यातली लाकडी होडी आणि त्यांची रुंद पटाशी, तिचाही असाच कोपरा उडालेला. तेव्हा अकरा वर्षांचा होतो. तुझ्या हाताला वळण नाही, म्हणाले, पुन्हा कारखान्यात पाऊल टाकू नकोस. आणि बघ, बावीस वर्षांनी तेच केलं मी, तसाच कोपरा. मधली सगळी वर्षं मी घरात साधी फळीसुद्धा ठोकली नाही, सुताराला बोलावत होतो. शेजारी हसायचे, घरात सुतार बहीण असून याला खिळा मारता येत नाही म्हणून.

मुकादमांना अजून सांगितलेलं नाही. सोमवारी सांगणार आहे की कठडे दुसऱ्या कुणाला द्या, मी ओझी वाहीन. आधीच एका बाईंचा पाय मोडलाय. माझ्या खाचांवर कुणी टेकावं असं मला वाटत नाही.

एवढी छान निवडून दिलेली वस्तू मी पंधरा दिवसांत बिघडवली. रागावू नकोस, किंवा रागाव.

तुझा,
टिल्लू


२७ ऑक्टोबर

चि. टिल्लूस,
आशीर्वाद आहेतच, ते घेशील की नाही ते पत्र संपल्यावर ठरव.

सोमवारी मुकादमांना काहीही सांगू नकोस. हे पत्र तातडीने पाठवते आहे, गाडीवाल्याला दोनदा बजावलं आहे.

आधी सुरीचं. टवका उडाला तर सुरी मरत नाही. माझ्या भिंतीवरच्या अकरा पटाश्यांपैकी एकही अशी नाही जिचा कोपरा कधी उडाला नाही. खरखरीत दगडावर पातं उभं धर आणि तोंड सरळ मागे घास, टवका पूर्ण जाईपर्यंत. तासभर लागेल. मग उतार पुन्हा काढ, जसा होता तसाच. सपाट बाजू सपाटच ठेव. शेवटी बारीक दगड आणि चामडं. यंत्राच्या चाकावर नेऊ नकोस. पातं तापून निळं पडलं की पोलादाचं पाणी उतरतं आणि मग ती खरोखरच गेली. गंजाचे ठिपके तेल आणि चुलीतली बारीक राख लावून घास. झालं.

आता दुसरं. हे मी बावीस वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं.

बाबांच्या पटाशीचा कोपरा तू उडवला नाहीस. मी उडवला. त्या दुपारी दाराची पाटी रंगवायची होती, रंगाच्या डब्याचं झाकण निघेना, हाताशी ती पटाशी होती. मी झाकण उचकटलं आणि कोपरा तुटला. पुसून जागेवर ठेवली. नंतर तू येऊन तिनेच होडीतला खिळा काढलास, म्हणून तुला वाटलं तुझ्याकडून झालं. तू काढलास तेव्हा कोपरा आधीच नव्हता. बाबा तुला बोलत होते तेव्हा मी चार हातांवर उभी होते, रंध्याला हात लावून. सगळं ऐकत होते.

का गप्प बसले ते सांगते, पण ती सबब म्हणून घेऊ नकोस. त्याच आठवड्यात बाबांनी मला एक महिना सुतारकामाच्या बाकावर काम करू द्यायचं कबूल केलं होतं. मुलीच्या जातीला हे जमत नाही, असं ते ग्राहकांसमोरही म्हणायचे. महिनाभरात एकही चूक दिसली तर संपलं, असं ठरलं होतं. मी सोळा वर्षांची होते आणि मला तो बाक हवा होता. तो मिळाला. तुला कचेरी मिळाली.

बाबा आजारी पडले तेव्हा त्यांना सांगायचं ठरवून तीनदा खाटेपाशी बसले. सांगितलं नाही. ते गेले आणि मग तुला सांगायचीही हिंमत गेली. तू दर वेळी 'माझ्या हाताचं तुला माहीत आहे' म्हणायचास आणि मी विषय बदलायचे. मागच्या पत्रातही बदलला.

तुझ्या हाताला काही झालेलं नाही, टिल्लू. बाबांनी चुकीच्या हाताकडे पाहिलं, आणि मी पाहू दिलं.

उत्तर लिहायलाच हवं असं नाही.

ताई


१९ नोव्हेंबर

ताई,

नमस्कार वगैरे या वेळी वगळतो.

तुझं पत्र त्याच सोमवारी सकाळी मिळालं, मुकादमांशी बोलायच्या अर्धा तास आधी. वाचून मी ओढ्याच्या काठाने चालत सुटलो. परत आल्यावर जेवणाचं ताट तसंच सारलं. चार दिवस तेच. टोळीतल्या स्वयंपाक्याला वाटलं मला ताप आलाय, त्याने काढा करून दिला.

फार राग आला होता. अजूनही आहे, सकाळी जास्त असतो. तुझ्याविरुद्ध मी मनात तीन पत्रं लिहिली, एकाहून एक जहरी. पण ती लिहिता लिहिता हात सुरी घासत होते. दगड आणि मी. तोंड सरळ झालं, उतार निघाला, चामड्यावर शेवटचा हात मारला आणि मनगटावरचे केस काढून पाहिले. सफाचट. मग मला भान आलं, की हे मी केलं आहे. कुणाला न विचारता.

मुकादमांना खिळ्याचं सांगितलं. ते म्हणाले, त्यांनीही पहिल्या वर्षी त्याच पुलावर सुरीचं तोंड तोडलं होतं.

अलीकडचा कठडा झाला. आठ खांब, सोळा खाचा. पहिल्या दोन सैल झाल्या, ते लाकूड चुलीत घातलं. तिसरीला आडवा दांडा हाताने बसेना, दांडक्याचा एक ठोका लागला आणि असा बसला की सांध्यात नख जाईना. तुला दाखवायला हवा होता, असं मनात आलं, आणि त्याचाही राग आला. रविवारी मुकादम पुलाच्या मध्यावर गेले, दोन्ही हातांनी कठडा धरून हलवला, मग पाठ टेकून सगळं अंग त्यावर टाकलं. खाली खडक, वर ते. मी काठावरून खाचा मोजत उभा. ते तसेच टेकून पाणी प्यायले. बाटलीचं झाकण लावलं आणि म्हणाले, पलीकडचाही तूच कर.

माफ केलं असं लिहिलं तर ते खोटं होईल, म्हणून लिहीत नाही. पण एक हक्काने मागतो. पलीकडचा कठडा वळणावर आहे. खांब तिरके येतात, खाच कोनात काढावी लागते आणि ती मला जमत नाही. मुकादमांनाही धड सांगता येत नाही. आठ दिवस कारखाना बंद ठेव आणि इकडे ये. माझ्याशेजारी उभी राहा, माझ्या हाताकडे बघ, चुकलं की तिथल्या तिथे सांग. अकरा वर्षांचा असताना जे शिकायचं राहिलं ते मला आता शिकायचं आहे, आणि ते तुझ्याकडूनच. पत्रातून नको.

नाही आलीस तरी कठडा मी करणारच आहे. वेळ जास्त लागेल एवढंच.

टिल्लू


२३ नोव्हेंबर

चि. टिल्लूस,

खिडक्यांच्या मालकांना निरोप दिला, पंधरा दिवस थांबा म्हणून. ते चिडले. मी म्हटलं, भावाचं काम निघालं आहे. कारखान्याच्या दाराला कुलूप लावलं, बाबा गेल्यानंतर पहिल्यांदाच.

गुरुवारच्या पहिल्या बसने निघते. पायथ्याच्या गावात दुपारी पोचेन. त्या दुकानदारीण बाईंकडे राखाडी आणखी एक असेल तर मलाही घेते, म्हणजे तुझी मागावी लागणार नाही. घरून एकही हत्यार आणत नाही.

कोनातली खाच मी कागदावर आखून दाखवीन, लाकडावर मात्र तूच आखायची. पहिली चुकेल. दुसरीही चुकेल, कारण तू घाई करतोस. तिसरीच्या वेळी मी लांब उभी राहीन.

बाकी जे बोलायचं ते काम करता करता बोलू. तू ओरडलास तरी चालेल, पुलावर दुसरं कुणी नसतं ना? मी ऐकून घेईन, गप्प मात्र बसणार नाही. ते एकदा करून पाहिलं आहे.

मुकादमांना सांगून ठेव, तुझ्या हाताखाली एक मदतनीस येते आहे. कामाची सवय आहे, हुकूम ऐकायची नाही.

लोभ उरला आहे का, ते समोर आल्यावर विचारते.

तुझी,
ताई