टॅबलेटमधलं विमान वेळेवर पोचलं

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. आठही अंगं शाबूत आहेत हे आधीच कळवतो, कारण फ्लाइंग क्लबवरून तुमच्या कानावर काहीबाही आलं असेल. छातीचं दुखणं आता कसं आहे? मामींचा गुडघा? जिना चढू नका म्हणावं त्यांना. मी मजेत आहे. विमानही मजेत आहे (साधा ओरखडा नाही, खरं तर हेच आधी सांगायला हवं होतं).

गेल्या वर्षी डॉक्टरांनी तुमचं विमान चालवणं बंद केलं, तेव्हा किल्ली माझ्या हातात ठेवून तुम्ही एकच अट घातलीत: मांडीवर कागदी नकाशा आणि डोळे खिडकीबाहेर. मी मान डोलावली. पण मामा, हल्ली काडेपेटीएवढं जीपीएस अगदी स्वस्तात मिळतं. ते जुन्या टॅबलेटला जोडलं की पडद्यावर नकाशा, त्यावर आपल्या मार्गाची गुलाबी रेघ आणि रेघेवर आपलंच चिमुकलं विमान. आठवडाभर मी जेवणाच्या टेबलावर तयारी केली. टेबल उडत नसल्यामुळे (शिवाय त्यावर तुमची भाचेसून कापड बेतत होती) ॲपमधली सरावाची सोय वापरली. ती चालू केली की आपण जागेवर बसलो तरी पडद्यातलं विमान रेघेवरून निघतं. मी तीन वेळा बिनचूक पोचलो.

रविवारी खरोखरचे निघालो. शेजारी तुमची भाचेसून. तळ्याकाठच्या धावपट्टीवर उतरायचं, चहा घ्यायचा, परत यायचं, एवढाच बेत. टॅबलेट काचेला चिकटवला. तो उन्हानं तापला की बंद पडतो, म्हणून तुमचा नकाशा (रागावू नका) तिच्या बाजूच्या खिडकीला चिकटपट्टीनं लावला. सावली झकास पडली. अट मोडली असंही कुणी म्हणू शकत नाही, नकाशा विमानातच होता.

वर गेल्यावर मी 'सुरू' दाबलं, आणि काय सांगू मामा, इतकं सरळ विमान मी जन्मात चालवलं नव्हतं. गुलाबी रेघ तसूभर सुटेना. बाजूचा वारा असला की नाक जरा वाऱ्याकडे धर, असं तुम्ही शंभरदा सांगितलंय. वारा होताही, पण पडदा म्हणत होता, काही गरज नाही. मी आधी मनात आणि मग मोठ्यानं स्वतःचं कौतुक केलं. तिला म्हटलं, बघ जरा. ती म्हणाली, कुठून बघू, खिडकीला नकाशा आहे.

बाविसाव्या मिनिटाला टॅबलेटनं घंटी वाजवून पोचल्याचं जाहीर केलं. खाली दगडाची खाण होती.

खाणीभोवती मी दोन घिरट्या घातल्या, धावपट्टी कुठं गेली असेल या विचारात (ती कुठं जात नसते, हे नंतर सुचलं). पडद्यातलं विमान तोवर उतरून उभंही राहिलं होतं. पेट्रोल भरपूर होतं, अक्कल संपली होती. तेवढ्यात तिनं टर्रकन चिकटपट्टी ओढून नकाशा मांडीवर घेतला. ती पडली शिवणकाम करणारी. कागदावरच्या रेघेचा कापडाशी मेळ घालणं हा तिचा रोजचा उद्योग. दोनदा बाहेर बघितलं, नकाशा फिरवला, एका जागी बोट ठेवलं आणि म्हणाली, "नदी इथं बाही जोडायच्या मुंढ्यासारखी वळते. खालीही तशीच वळतेय. तळं डावीकडे राहिलं. वळा आता."

मी वळलो. पाच मिनिटांत तळं दिसलं.

उतरल्यावर तिनं टॅबलेट हातात घेतला. खालच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, 'सराव'. घरी टेबलावर चालू केलेली सोय मी बंदच केली नव्हती. वाऱ्यानं आम्ही वाहवत चाललो होतो, आणि पडद्यातलं विमान आपलं स्वतःच्या मर्जीनं उडत होतं. अक्षरं माझ्या दुकानातल्या तक्त्याच्या शेवटच्या ओळीएवढी. वीस वर्षं चष्म्याच्या दुकानात बसून मी लोकांकडून ती ओळ वाचून घेतोय! यंत्राचा दोष नाही. सराव बंद केल्यावर परतीला ते अगदी बरोबर चाललं. ती नकाशावरून तपासत होती.

बाकी सर्व क्षेम. मामींना नमस्कार.

तुमचा,
भाचा

ता. क. हिनं सगळा प्रकार क्लबच्या मुख्य शिक्षकांना सांगितला. त्यांनी किल्ली कपाटात ठेवली आहे. मामांनी लेखी हमी द्यावी, नाहीतर स्वतः शेजारी बसून एक फेरी मारावी, मगच देतो म्हणाले. तुम्ही दोन ओळी खरडून पाठवा.

आणखी एक. ओळी नका पाठवू. तुम्हीच या. चालवायला बंदी आहे, शेजारी बसायला नाही, मी डॉक्टरांना विचारलंय. वर्ष झालं, तुम्ही मैदानाकडे फिरकला नाहीत. मला करमत नाही मामा. मी चालवीन, तुम्ही बाहेर बघा आणि रागवा.

मामा, हे मी लिहिते आहे, पाकीट बंद करायच्या आधी. नक्की या आणि आठ दिवस राहायला या. एक फेरी यांच्यासाठी, किल्ली सोडवायला. बाकीचे दिवस मला नकाशा शिकवायला. मी शिक्षकांकडे विमान शिकायला नाव घातलंय. यांना अजून सांगितलेलं नाही.