पालेर्मोच्या गल्लीत माणसं परतली

प्रिय कपिलदादा, जय भीम.

तिकडे इटलीत, पालेर्मोतल्या तुझ्या गल्लीत माणसं पुन्हा राहायला आली. ती मोडकळीला आलेली घरं दुरुस्त करून हॉटेलं काढायची, असं सगळे म्हणत होते. तू मात्र जुन्या भाडेकरूंसाठी भांडत राहिलास. त्यातल्याच एका घराची भिंत तुझ्या अंगावर कोसळली आणि तू गेलास. तेव्हापासून आईनं त्या शहराचं नाव काढलं नव्हतं.

आज त्याच घरातून कोंचेत्ता नावाच्या आजीबाईंनी, तुझ्या त्या जुन्या भाडेकरूंपैकी एकीनं, व्हिडिओ कॉल केला. त्यांची नात त्यांचं बोलणं इंग्रजीत सांगत होती. इथे कॅनडात, ब्रॉसार्डला बर्फ पडत होता आणि मी नुसती "येस, येस" म्हणत होते. आई बेसमेंटमधून वर आली आणि तिनं माझ्या हातातून फोन घेतला.

"विचार त्यांना, नळाला पाणी येतं का?"

आजीबाईंनी नळ सोडून दाखवला.

"आणि आज जेवायला काय केलंय?"

त्यांनी पातेल्यावरचं झाकण काढलं. वाफेनं स्क्रीन धूसर झाली, तरी आई बघत राहिली.

"राहा म्हणावं सुखानं," ती म्हणाली.

फोन ठेवल्यावर तिनं बऱ्याच दिवसांनी स्वतःहून कुकर लावला. आम्ही दोघी जेवलो. मला अजून रडू आलेलं नाही, दादा.

तुझी,
यशोधरा